भिंतीच्या पोटातला दगड

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या भिंतीला पोट आलं. कळव्यात, पारसिक डोंगराच्या पायथ्याशी, एका सोसायटीच्या मागची संरक्षक भिंत. चाळीस फूट लांब, सात फूट उंच. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, सिव्हिलचा डिप्लोमा केलेली साइट सुपरवायझर. एप्रिलमध्ये काम संपलं तेव्हा ती इतकी देखणी दिसत होती की फोटो काढून मी आईला पाठवला होता. काळाभोर दगड, दरजा भरून वर सिमेंटची उठावदार पट्टी. जुलैत तिचा मधला भाग वीतभर पुढे आला आणि दोन दिवसांनी पहाटे खाली बसला. तिथे तेव्हा कुणी नव्हतं, एवढंच नशीब.

कंत्राटदार म्हणाला, "पाऊसच तसा झाला ना, मॅडम." कळव्यात पाऊस दर वर्षी तसाच होतो.

ढिगाऱ्याजवळ उभी राहिले तेव्हा जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. पुढचा दगड पुढे पडलेला, मागचा मागे मातीला टेकून तसाच उभा, आणि मधे नुसत्या कपच्या, खडी, भुसभुशीत झालेला सिमेंट-वाळूचा माल. म्हणजे ती एक भिंत नव्हतीच. पापुद्र्यासारख्या दोन भिंती एकमेकींना पाठ लावून उभ्या होत्या. पुढून मागे जोडणारा एकही दगड आत नव्हता. आणि रोज साइटवर उभं राहून मी काय बघत होते, तर पट्टी सरळ येतेय की नाही!

वाईट याचं वाटलं की हे सगळं मला पाठ होतं. थ्रू स्टोनची, म्हणजे भिंतीच्या आरपार जाणाऱ्या दगडाची, आकृती काढून मी परीक्षेत मार्क मिळवले होते.

नव्या भिंतीसाठी मिस्त्री शोधताना दिघ्याला मामा भेटले. पारसिकच्या त्या अंगाला, दिघ्यापासून तुर्भ्या-शिरवण्यापर्यंत, एके काळी दगडखाणी धडधडत होत्या. नवी मुंबईच्या रस्त्यांत आणि स्लॅबांत त्यातली बरीच खडी गेलीय. खाणी थंडावल्या, पण खाणीवर आलेली वडार कुटुंबं तिथेच राहिली. मामा त्यांच्यातले. घरात वडारी बोलायचे, तेलुगूच्या अंगाने जाणारी. माझ्याशी मात्र रोखठोक मराठी.

"मला शिकवाल का?" असं विचारल्यावर ते हसले. "शिकून काय करणार? तुम्ही सही करायची, आम्ही दगड उचलायचा." आधी दोन मिस्त्र्यांकडे विचारून झालं होतं. त्यातले एक तर मी जवळ गेले की हातोडी खाली ठेवून विडी पेटवायचे. या धंद्यात हातचं राखून शिकवायची रीत आहे, आणि मला रागही येत नाही त्याचा. पोट ज्याच्यावर आहे ते कोण असं वाटून टाकेल? मामांनी का वाटलं ते मला आजही नीट माहीत नाही. मामांच्या घरातल्या मावशी म्हणाल्या, त्यांचा मुलगा कुरिअरच्या कामाला लागला म्हणून.

पहिले पाच-सहा रविवार मी भिंतीला हातही लावला नाही. नुसतं ऐकायचं. हातोडीने दगडावर टोला द्यायचा. चांगला काळा पाषाण घंटेसारखा खणखणतो, आत चीर असली किंवा दगड कुजका असला की बद आवाज येतो. आपला दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, त्यामुळे सगळा सारखाच असणार असं मी धरून चालले होते. पण एकाच ट्रकमध्ये घट्ट दगड, बारीक भोकांचा दगड आणि पांढरे खडे भरलेला दगड असे तिन्ही येतात. मामा भोकाळ दगड भिंतीच्या पायात घालू देत नसत.

दुसरं, उचलणं. घनफूटभर काळा दगड ऐंशी किलोच्या आसपास भरतो. मी कमरेत वाकून ओढायला गेले तर मामा ओरडले. मोठा दगड उचलायचा नसतो, चालवायचा असतो: पहार घालून एक कोपरा वर, खाली कपची, मग दुसरा कोपरा. असा तो डुलत डुलत जागेवर जातो. कंबर आजवर शाबूत आहे ती या एका गोष्टीमुळे.

पण मला सगळ्यात जास्त वेड लावलं ते छन्नीला पाणी देण्याने. काळा दगड छन्नीची धार तासाभरात खातो. संध्याकाळी मावशी भात्याचा पंखा फिरवायच्या. छन्नीचं टोक लालभडक करून मामा ते ठोकून नीट करत, पुन्हा तापवत आणि बोटभर टोकच पाण्यात बुडवून लगेच बाहेर काढत. मग विटेवर घासून ते टोक चकचकीत करायचं आणि श्वास रोखून बघायचं. मागच्या गरम भागातली धग टोकाकडे सरकते आणि तिच्यासोबत रंग सरकतात: आधी फिका पिवळा, मग गवताच्या काडीसारखा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. काडीचा रंग टोकाला टेकला की छन्नी पाण्यात. क्षणभर आधी बुडवली तर टोक काचेसारखं तुटतं, निळा येऊ दिला तर दगडावर वाकतं. माझ्या पहिल्या सात छन्न्यांपैकी पाच तुटल्या. मामा दर वेळी तुटलेलं टोक माझ्या तळहातावर ठेवायचे, बोलायचे काही नाही.

भिंत उभी राहायला लागली तेव्हा खरं शिकणं सुरू झालं. दगडाची लांबी भिंतीच्या पोटात गेली पाहिजे. नवशिक्याला मोह होतो लांब बाजू तोंडाला लावायचा, कारण एका दगडात जास्त भिंत दिसते. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. आतल्या पोकळीत आधी दगड बसवायचा, मग माल, आणि मालात हातोडीने कपच्या ठोकायच्या. आधी कपच्या ओतून वरून माल सांडायचा नाही. दर पाच फुटांवर एक आरपार दगड, आणि वरच्या थरात तो खालच्या दोघांच्या मधोमध. भिंत दोन फुटांपेक्षा जाड असेल आणि तेवढा दगड मिळत नसेल तर दोन्हीकडून दोन लांब दगड, एकमेकांच्या शेजारी निदान वीतभर आत गेलेले.

आरपार दगडाच्या बाबतीत मामा फार कडक होते. किल्लारीच्या भूकंपानंतर ते काही महिने तिकडे कामाला होते. 30 सप्टेंबर 1993 च्या त्या पहाटे माणसं मेली ती जाडजूड दगड-मातीच्या भिंतींखाली. भिंती चांगल्या दोन-अडीच फूट जाड, पण आतून दोन वेगळ्या. हादरा बसला तशा फुगल्या आणि उकलल्या. "तुमची भिंत आणि ती, एकाच आईच्या," मामा म्हणाले होते.

पाण्याचंही तसंच. पडलेल्या भिंतीत पाणी बाहेर काढायला पाइप होते की! पण मागे थेट मुरमाड माती, त्यामुळे पहिल्याच पावसात पाइपांची तोंडं बुजली आणि पाणी मागे कोंडलं. आता पाइपांमागे फूटभर रुंद गोटे भरतो. खर्च वाढतो. सोसायटीच्या कमिटीला ते गोटे दिसत नसल्यामुळे दर वेळी तासभर वाद होतो तो निराळा.

मामांना आता ऐकू कमी येतं, पण बद दगड अजून ओळखतात. हाताला कळतं म्हणे. एकदा त्यांना अंबरनाथच्या शिवमंदिरात घेऊन गेले होते, शके 982 म्हणजे इ.स. 1060 चा शिलालेख आहे तिथे. मामा मूर्ती बघेनात. जोत्याचे थर बोटाने मोजत बसले, तेही पुजाऱ्याच्या वाटेत.

रविवारी दिघ्याच्या त्याच पडवीत आता मी चार-पाच पोरांना घेऊन बसते. दोघं वडार वस्तीतले, बाकीचे झारखंडचे. बोलणं हिंदीत, आकृत्या खडूने फरशीवर. आल्या आल्या दोन कामं: डोळ्यांना गॉगल, आणि ठेचून फुलासारखं पसरलेलं छन्नीचं डोकं घासून साफ. त्या कडेचा तुकडा उडाला तर थेट मांसात घुसतो. मामांच्या मनगटावर खूण आहे. माझी वही सगळ्यांना फोटो काढायला खुली असते.

गेल्या रविवारी त्यातल्या एकाने सरावाच्या भिंतीत छान चपटा दगड उभा करून तोंडाला लावला. दिसत होता सुरेख. मी म्हटलं, काढ. तो म्हणाला, दीदी, आता माल धरलाय, पुढच्या थरात आडवा लावतो. मी पहार घेतली आणि तो थर पाडला. दोन घमेली माल वाया गेला. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या मामांनी मावशींना हाक मारली आणि म्हणाले, सिमेंटचे पैसे हिच्याकडून घे.