टायरचा आकार निवडताना

परभणीत थंडी कडक पडली तरी दुपारी ऊन तापतेच, म्हणून हिवाळी टायर ही आपली गरज नाही. जर्मनीतल्या माझ्या भाच्याला मात्र ते घ्यावेच लागतात, कारण तापमान साधारण ७ अंशांखाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊन पकड कमी होते. आकाराचे गणित मात्र दोन्हीकडे एकच आहे.

टायरवर १८५/६५ आर १५ ८८ एच असे लिहिलेले असेल, तर रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची, ८८ म्हणजे एका टायरची भारक्षमता ५६० किलो आणि एच म्हणजे कमाल वेग ताशी २१० किलोमीटर. त्याऐवजी १९५/६५ बसवला, तर चाकाचा व्यास ६२१.५ वरून ६३४.५ मिलिमीटर होतो आणि त्याच वेगाला स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा सुमारे दोन टक्के कमी आकडा दाखवतो. रुंद टायर रुबाबदार दिसतो, हे मान्य. तरीही चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेलाच आकार घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. भाच्याला मी एवढेच सुचवले की, गाडी बनवणाऱ्याने मंजूर केलेल्या आकारांपैकी अरुंद टायर निवड, कारण तो साचलेला बर्फ चांगला कापत जातो, आणि भारक्षमतेचा आकडा कधीही कमी घेऊ नकोस.