गुडघ्याची गोळी मी औषधांत धरलीच नव्हती

"आंटीजी, कोई दवाई चलती है?" इमर्जन्सीतल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी स्ट्रेचरवर पडल्या पडल्या सांगितलं, बीपीच्या दोन आणि रक्त पातळ ठेवायची एक छोटी. "और कुछ?" "नहीं, बस."

माझी पर्स तेव्हा माझ्या मुलीच्या काखेत होती. पर्सच्या बाजूच्या कप्प्यात गोळ्यांचा एक पत्ता होता, चार गोळ्या उरलेल्या. मी खोटं बोलले नाही. साडेचार वर्षं रोज दोनदा घेत असूनही ती गोळी औषध आहे हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. बीपीची गोळी हे औषध. गुडघ्याची गोळी म्हणजे सकाळच्या चहासारखी, कामाला लागण्याआधी घ्यायची एक गोष्ट.

मी रामबागेत राहते, दुसऱ्या मजल्यावर. एकोणीस वर्षं घरून पुरणपोळ्या आणि गुळपोळ्यांच्या ऑर्डरी घेते. इंदूरच्या मराठी घरांतल्या बऱ्याच होळ्या आणि मकरसंक्रांती माझ्या ओट्यावरून गेल्या आहेत, असं म्हटलं तरी चालेल. हे काम उभ्यानं करायचं. पुरण वाटताना बसता येतं, लाटताना आणि भाजताना नाही. पन्नाशी उलटली तशी उजवा गुडघा बोलायला लागला, मग डावा. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून झीज सांगितली. गोळी लिहून दिली: अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली, सकाळ-संध्याकाळ. तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्यावर गोळीच्या नावापुढे स्वच्छ लिहिलंय, सात दिवस.

सात दिवसांत इतका आराम पडला की आठव्या दिवशी मी स्वतःच मेडिकलवर गेले. "भैया, एक पत्ता दे दो." तिथून पुढे मला नावही सांगावं लागलं नाही. मला रस्ता ओलांडताना पाहिलं की तो पत्ता काउंटरवर काढून ठेवायचा. पत्त्याच्या मागे लाल पट्टी असते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलेलं असतं. ते मी हॉस्पिटलातून घरी आल्यावर चष्मा लावून पहिल्यांदा वाचलं.

सकाळी सहाला एक, रात्री नऊला एक. होळीच्या आठवड्यात दुपारी तिसरीही. मधल्या काळात बऱ्याच गोष्टी झाल्या, पण मी त्या एका दोऱ्यात ओवल्या नाहीत. बीपी वाढलं, एकाच्या दोन गोळ्या झाल्या. संध्याकाळी पावलं सुजायची. जळजळ व्हायची, त्यावर ते गुलाबी सिरप दोन झाकणं. कुणी म्हणालं वय झालं, कुणी म्हणालं पित्तप्रकृती. मीही तेच म्हणत होते.

या संक्रांतीला सहाशेच्या वर गुळपोळ्या होत्या. बारा जानेवारीला सकाळी शौचाला काळं झालं. लिहायला संकोच वाटतो, पण लिहिते, कारण हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पुढचं टळलं असतं. नुसतं गडद नव्हे. डांबरासारखं काळं, चकचकीत, चिकट. बादलीभर पाणी ओतलं तरी भांड्याला धरून राहणारं. आणि वास नेहमीचा नाही, वेगळाच, ओला आणि उग्र. मी मनाशी म्हटलं, चार दिवस गूळ चाखतेय, गूळ उष्ण, त्यानंच असेल. पोटात एकदाही दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. आमच्या जिन्याला चौतीस पायऱ्या आहेत. चौदा तारखेला मी तीनदा थांबले आणि शेवटच्या वळणावर कठडा धरून बसले. वाटलं, कामाचा शीण.

पंधरा तारखेला तव्यावर पोळी होती आणि डोळ्यांपुढे अंधार आला. खाली बसले तेवढं आठवतं. मुलगी ऑर्डर न्यायला आली तेव्हा घरभर जळक्या गुळाचा वास होता. तिनं आधी गॅस बंद केला, मग माझी खालची पापणी ओढून पाहिली. "आई, आत रंगच नाहीये गं."

हिमोग्लोबिन ६.४. दोन बाटल्या रक्त चढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एंडोस्कोपी झाली, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून जठर आतून पाहिलं. घशात कडू फवारा मारतात, जीभ जड होते, डाव्या कुशीवर झोपवून दातांत एक प्लास्टिकची कडी देतात. मला भीती वाटली होती त्यापेक्षा ते लवकर आटोपलं. नंतर डॉक्टरांनी फोटो दाखवला. ओली गुलाबी भिंत आणि जठराच्या खालच्या टोकाशी दोन खड्डे, कडा लाल, तळ पांढुरका. मोठ्या खड्ड्यात मोहरीएवढा काळा ठिपका. तिथून रक्त येत होतं.

हे डॉक्टर आपल्यातलेच निघाले. "काकू, दुखण्याची गोळी कुठली घेता?" असं त्यांनी मराठीत विचारलं. काही चालू आहे का, असं नाही विचारलं. कुठली, असं विचारलं. मुलीनं पर्समधून पत्ता काढून पलंगावर ठेवला. त्यांनी हिशोब केला, साडेचार वर्षं, रोज दोन. सव्वातीन हजारांच्या वर गोळ्या. माझ्या हातून गेलेल्या पोळ्यांचा हिशोब माझ्या वहीत आहे. गोळ्यांचा नव्हता.

मी त्यांना विचारलं, "पण मी कधी उपाशीपोटी नाही घेतली हो. चहाबरोबर दोन बिस्किटं तरी खायचेच." सगळ्या बायका हेच धरून बसलेल्या असतात म्हणून त्यांनी दिलेलं उत्तर नीट सांगते.

आपल्या जठरात जे आम्ल तयार होतं ते जबर असतं. त्यानं जठर स्वतः जळत नाही, कारण आतल्या भिंतीवर बुळबुळीत लेप असतो, भिंतीचा रक्तपुरवठा चांगला असतो, आणि हे सगळं चालू ठेवायचा निरोप प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं देतात. तीच द्रव्यं गुडघ्यात सूज आणि ठणकाही वाढवतात. गोळी ती द्रव्यं तयारच होऊ देत नाही. गुडघा शांत होतो आणि जठराचा लेपही पातळ होतो. ॲस्पिरिन नेमकं असं काम करतं हे जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९७१ मध्ये दाखवलं, आणि १९८२ चं नोबेल त्याला आणखी दोघांबरोबर मिळालं. म्हणजे माझं लग्न व्हायच्या आधीपासून हे जगाला ठाऊक आहे.

मला ते पोळपाटावरून कळलं. पुरणपोळी लाटताना खाली तांदळाची पिठी भुरभुरतो. पिठी आहे तोवर पोळी सरकते. पिठी संपली आणि आपण तसंच लाटत राहिलो की पोळी एका जागी चिकटते आणि तिथंच फाटते. पुरण बाहेर येतं. माझ्या जठराची पिठी संपली होती आणि मी लाटत होते.

आता बिस्किटांचं. गोळी जठराला नुसती वरून लागून इजा करत नाही. ती रक्तात जाते आणि रक्तातून त्या भिंतीपर्यंत परत येते. म्हणून पोटभर जेवून घेतली तरी धोका जात नाही, आणि त्याच औषधाचं इंजेक्शन कमरेत घेतलं तरी जात नाही. जेवणानं मळमळ, जळजळ कमी होते, म्हणून आपल्याला वाटतं पोट सांभाळलं. गुलाबी सिरपचंही तेच, जळजळ झाकली, व्रण वाढत राहिला. पँटोप्रॅझोलच्या जातीची गोळी सकाळी जेवणाआधी घेतली तर जठराला बऱ्यापैकी संरक्षण मिळतं, आणि ज्यांना दुखण्याची गोळी घ्यावीच लागते त्यांना डॉक्टर ती जोडून देतात. पण सात दिवसांच्या चिठ्ठीवर साडेचार वर्षं काढणाऱ्या बाईला ती कोण जोडून देणार?

मग पोट दुखलं का नाही? हा प्रश्न मी दोनदा विचारला. डॉक्टर म्हणाले, "काकू, तुम्ही दुखण्याचीच गोळी घेत होता ना." या गोळ्यांमुळे झालेले व्रण पुष्कळदा दुखतच नाहीत, साठीच्या पुढच्यांत तर जास्तच. पहिली खूण म्हणजे थेट रक्तस्राव. कधी तो काळा होऊन खाली येतो, कधी उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखा दिसतो. कधी काहीच दिसत नाही, थेंब थेंब जात राहतो, आणि माणूस नुसता थकत जातो, फिका पडत जातो. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळं होतं हे खरं. पण लोह चालू नसताना डांबरासारखं झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नसते. मी तीन दिवस पाहिली.

माझ्या बाबतीत आणखी दोन गोष्टी होत्या. रक्त पातळ ठेवायची ती छोटी गोळी म्हणजे ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन. तीही त्याच घराण्यातली. दोन्ही एकत्र घेतल्या की रक्तस्रावाचा धोका चांगलाच वाढतो. मला हृदयाचा त्रास कधी झालेला नव्हता, त्यामुळे हृदयाच्या डॉक्टरांनी तपासून ती बंद केली. पण ज्यांना स्टेंट आहे किंवा ॲटॅक येऊन गेलाय त्यांनी हे वाचून ती आपल्या मनानं सोडू नये, त्यांना ती जीवासाठी असते. दुसरी गोष्ट, जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हे व्रण करणारे जंतू निघाले. त्याचा चौदा दिवसांचा कोर्स झाला.

मूत्रपिंडं कशी चालतात ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन १.५ होतं, म्हणजे वाढलेलं. या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही कमी करतात, अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात. माझी सुजलेली पावलं आणि बीपीची दुसरी गोळी, दोन्ही तिथूनच आली होती. मार्चमध्ये क्रिएटिनिन १.१ वर आलं आणि बीपीची एक गोळी सुटली.

मूत्रपिंडावरून मुलीनं गिधाडांचं सांगितलं, ते माझ्या डोक्यातून जात नाही. लहानपणी आजोळी जाताना मेलेल्या गुराभोवती गिधाडांचा घोळका बसलेला आम्ही बसच्या खिडकीतून पाहायचो. ती दिसेनाशी झाली, कारण गुरांना डायक्लोफेनॅक दिलं जायचं आणि ते मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये सरकारनं जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद केलं. २०२३ मध्ये अ‍ॅसिक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद झालं, कारण गाईच्या शरीरात त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. अ‍ॅसिक्लोफेनॅक, म्हणजे माझी सकाळ-संध्याकाळची गोळी. माणूस गिधाड नाही, माणसाला ते पचतं, बेतानं दिलं तर उपयोगीही पडतं, हे मला कळतं. तरीही तो पत्ता हातात घेऊन मी त्या दिवशी बराच वेळ बसले होते.

आता गुडघ्यांचं काय, असं सगळे विचारतात. दुखतात. व्यायाम आहे, पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती खाली दाबायची, दहा मोजायचे, सोडायचं. पहिला महिना काही फरक नाही. दुसऱ्या महिन्यात जिना उतरताना कळलं. वजन सहा किलो कमी केलं. डायक्लोफेनॅकचं जेल वरून लावते. त्यातलं रक्तात फार थोडं जातं, ते चालेल असं डॉक्टर म्हणाले. अगदीच नाही सोसवलं तर नुसतं पॅरासिटामॉल, दिवसाला किती हे त्यांनी लिहून दिलंय तेवढंच. ओट्याशी उंच स्टूल करून घेतलं आणि बसून लाटायला शिकले. एकोणीस वर्षांचा हात बदलायला वेळ लागला, सुरुवातीला पोळ्या वाकड्या व्हायच्या. ऑर्डरी निम्म्या केल्या.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मी आमच्या भजनी मंडळातल्या सगळ्यांना बोलावलं. आंब्याची डाळ आणि पन्हं देऊन झाल्यावर विचारलं, "काही औषध चालू आहे का गं?" कुणी शुगर म्हणालं, कुणी थायरॉइड, दोघी तिघी म्हणाल्या काहीच नाही. मग मी म्हटलं, पर्स उघडा. अकरा जणी होत्या. सात पर्समधून दुखण्याच्या गोळ्यांचे पत्ते निघाले. त्यातल्या दोघींनी एकमेकींकडून घेतलेल्या. "हिला मानवली म्हणून मी घेऊन पाहिली." काहीच नाही म्हणणाऱ्यांपैकी एक माझ्या थोरल्या जाऊबाई. सहा वर्षं, रोज रात्री एक, कंबरेसाठी. सोबत ॲस्पिरिन.

मी त्यांना सगळ्यांसमोर काही बोलले नाही. नंतर स्वयंपाकघरात नेऊन आधी ते काळ्याचं विचारलं. त्या वाटीतली डाळ चमच्यानं हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "होतं कधीमधी. मला वाटलं पानाचा चुना-कात जास्त झाला." थकवा? "अगं, आता सत्तरी आली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षा करून त्यांच्याकडे गेले. भाऊजी म्हणत होते उन्हात कशाला, सोमवारी बघू. मी ऐकलं नाही. माझ्या ऑर्डरीच्या वहीचं शेवटचं पान फाडून त्यांच्या सगळ्या गोळ्यांची नावं त्यांच्यासमोर बसून लिहिली, जेलसुद्धा, आणि कंबरेची गोळी सगळ्यात वर लिहिली. डॉक्टरांनी तो कागद वाचला आणि लगेच रक्त काढायला सांगितलं. हिमोग्लोबिन ८.९ आलं. एंडोस्कोपी उद्या सकाळी नऊला आहे. रात्री बारानंतर काही खायचं-प्यायचं नाही, आणि त्यांना पहाटे पाचला चहा लागतो, म्हणून मी आज रात्री त्यांच्याकडेच झोपायला जाणार आहे.