ट्रॅफिकमध्ये गाडीतला अँप बंद पडायचा आणि मित्र म्हणत होता बॅटरी बदल – माझा अनुभव

गाडीत अँप (स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) आणि सबवूफर (खोल बेस वाजवणारा मोठा स्पीकर, थोडक्यात सब) लावलाय आणि पॉवरचा त्रास होतोय अशा लोकांसाठी हे सविस्तर लिहितोय. काहीही विकत घ्यायच्या आधी एक काम करा, बेस जोरात वाजत असताना व्होल्टेज मोजा, बॅटरीवर पण आणि डिकीत अँपवर पण. दोन आकड्यांमध्ये किती फरक पडतो त्यावरच पुढचं सगळं ठरतं.

माझी गाडी छोटी हॅचबॅक, डिकीत ५०० वॉटचा मोनो अँप आणि १२ इंची सब. ठाण्यातल्याच एका दुकानात बसवून घेतलं होतं, वायरिंग किट पण त्यांचंच. मला ढोलताशा आणि पखवाज ऐकायला प्रचंड आवडतं आणि घोडबंदर रोड मोकळा असला की काय वाजायचं म्हणून सांगू! पण संध्याकाळी माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत गाड्या खेटून उभ्या, त्यात पाऊस, म्हणजे एसी चालू, हेडलाइट चालू, वायपर चालू, रेडिएटरचा फॅन अधूनमधून फिरतोय, अशा वेळी ढोलाचा ठोका पडला की डॅशबोर्डचे लाइट मंद व्हायचे आणि थोड्या वेळात अँपवर प्रोटेक्टचा लाल लाइट (म्हणजे अँपने स्वतःला वाचवायला बंद करून घेतलंय) लागून सब गप्प. गाडी सरकली, जरा रेस मिळाली की परत सुरू. शिवाय स्पीकरमधून कुंईऽऽ असा बारीक आवाज, तो रेसबरोबर चढायचा. आणि शनिवार-रविवार गाडी उभी राहिली की सोमवारी सकाळी सेल्फच मारायचा नाही.

सल्ले भरपूर मिळाले. दुकानवाला म्हणाला १ फॅरडचा कपॅसिटर (वीज साठवून झटक्यात देणारा डबा) लावू, मित्र म्हणाला मोठी बॅटरी टाक, सोसायटीतल्या एका काकांना डायनॅमो गेलाय असं वाटत होतं. कपॅसिटरचं मी जरा गणित करून बघितलं. १ फॅरडचा कपॅसिटर १४ व्होल्टवरून १२ वर उतरेपर्यंत २६ जूल देतो, म्हणजे ५०० वॉट खेचणाऱ्या अँपला सेकंदाचा विसावा भाग पुरेल इतकंच. ढोलाचे ठोके तर एकामागून एक येत राहतात, मग तो परत भरणार कधी? तेव्हाच वाटलं की हे काय खरं नाही.

वागळे इस्टेटला एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी बॅटरीला लोड टेस्टर लावला, डायनॅमोचं चार्जिंग बघितलं, १४ च्या वर होतं, आणि म्हणाले, "बॅटरी ठणठणीत आहे रे तुझी, उगाच पैसे घालू नको. करंट जातो कुठून आणि परत येतो कुठून, दोन्ही बाजू तपास. घरी मीटर आहे ना?"

मीटर होता, साधाच पण मिनिमम व्होल्टेज पकडून ठेवणारा. अडचण एवढीच की बॅटरी पुढे बोनेटमध्ये आणि अँप मागे डिकीत, मीटरच्या वायरी काही तेवढ्या पुरत नाहीत. म्हणून जुन्या स्पीकरची लांब वायर घेतली, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप लावल्या आणि ती खिडकीतून मागे आणली. मीटरमधून करंट जवळजवळ जातच नाही त्यामुळे ही वायर बारीक असली तरी रीडिंग चुकत नाही. मोबाइलवर ५० हर्ट्झचा टोन (एकच सलग घुमणारा सूर) लावला, कारण गाण्यात आकडा सारखा नाचतो आणि टोनवर तो जागेवर थांबतो. पण टोन काही सेकंदच ठेवायचा हं, फुल व्हॉल्यूमला जास्त वेळ ठेवला तर सबची कॉइल तापते. आणि हे सगळं उघड्या पार्किंगमध्ये करा, बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून नको, धूर साठतो.

इंजिन आयडलिंगला (गाडी उभी, रेस न देता), एसी आणि हेडलाइट चालू, टोन चालू. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.५ व्होल्ट. अँपच्या प्लस-मायनसवर १०.४! म्हणजे २.१ व्होल्ट मधल्या मध्ये गायब. बहुतेक अँप १० व्होल्टच्या आसपास आले की स्वतःला बंद करून घेतात, आणि मीटर सरासरी दाखवतो, ठोक्याच्या क्षणी खरा आकडा याच्याही खाली जात असणार. प्रोटेक्ट लाइटचं कोडं तिथेच सुटलं. ट्रॅफिकमध्येच का होतं ते पण कळलं, आयडलिंगला डायनॅमो त्याच्या पूर्ण ताकदीच्या बराच खाली असतो, आणि एसी, लाइट, फॅन सगळ्यांना त्यातूनच वाटणी द्यायची असते.

मग मामा म्हणाले तसं दोन्ही बाजू वेगळ्या मोजल्या. बॅटरीच्या प्लसवर एक टोक, अँपच्या प्लसवर दुसरं, टोन चालू: १.२ व्होल्ट. बॅटरीचा मायनस ते अँपचा मायनस: ०.९ व्होल्ट. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवं. नवीन बॅटरी टाकली असती तरी हे २.१ तसेच राहिले असते, टाकी मोठी केली म्हणून मधला पाइप बारीक असेल तर नळाची धार वाढत नाही.

प्लसची वायर बाहेरून चांगली जाड, लाल, चकचकीत. टोकाला ब्लेडने सोलून एक तार खरवडली तर वरचा तांब्याचा रंग निघून आला आणि आत पांढरी चांदीसारखी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा! ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच करंट वाहून नेतं, आणि त्यात हे रबर एवढं जाड की आतली तार प्रत्यक्षात ८ गेजचीच होती (गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढी तार बारीक). उलटंही असतं बरं का, कलई केलेलं खरं तांबं बाहेरून पांढरं दिसतं पण खरवडलं की आत तांबूस निघतं, ते उत्तम, त्याला फेकू नका. त्यामुळे बघून ठरवायचं नाही, खरवडून बघायचं.

मायनसचा करंट गाडीच्या पत्र्यातूनच बॅटरीकडे परत जातो, म्हणून अर्थिंग (अँपचा मायनस पत्र्याला जोडतात ती जागा) बघायला डिकीचं कार्पेट उचललं तर अँपची काळी वायर एका प्लॅस्टिक क्लिपच्या बारक्या स्क्रूखाली दाबलेली, आणि त्या थिंबलखाली (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कानाखाली) गाडीचा रंग जसाच्या तसा. रंगातून करंट जाणार कसा? स्क्रूच्या आट्यांतून जेवढा जाईल तेवढाच. त्यात एक पावसाळा गेलेला, भोवती गंजाची तपकिरी कड धरलेली. मला खरंच राग आला, कारण अशा ढिल्या जागा तापतात आणि ५० अँपिअरला गाडीत आग लागायला वेळ लागत नाही.

लोहार चाळीतून २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वेल्डिंग केबल आणली, घेताना दुकानातच खरवडून बघितली कारण तिच्यात पण ॲल्युमिनियम येतं. ४ गेजपेक्षा थोडी जाडच भरते. थिंबल मामांनी हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून दिले, पक्कडने ठोकून चालत नाही. बॅटरीचा मायनस आधी काढायचा, मगच बाकी सगळं. प्लसला बॅटरीपासून एक-दीड फुटाच्या आत फ्यूज, कारण हा फ्यूज अँपसाठी नसतो, वायर कुठे घासून बॉडीला लागली तर ती पेटू नये म्हणून असतो, म्हणून मागे अँपजवळ लावून उपयोग नाही. इंजिनाच्या मागच्या पत्र्यातून वायर आत येते तिथे रबरी बूच. अर्थिंगसाठी डिकीत जाड पत्र्याची जागा निवडली, रंग पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासला, बोल्ट कसला, वरून ग्रीस. सीटबेल्टचा बोल्ट वापरायचा मोह अनेकांना होतो, तो हलवू नका, तो जीव वाचवायचा बोल्ट आहे. पुढे बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला जाणारी कंपनीची वायर पण त्याच केबलने डबल केली, कारण मागून परत आलेला सगळा करंट शेवटी तिथूनच जातो.

परत तोच टोन, तीच कंडिशन. बॅटरीवर १२.७, अँपवर १२.३. प्लसच्या बाजूला ०.३, मायनसला ०.१. त्या संध्याकाळी मुद्दाम मानपाड्याच्या जॅममध्ये गाडी घातली आणि ढोल लावला, लाल लाइट नाही, आणि ठोक्याला जो दम आला ना, आधी असा कधी वाजलाच नव्हता.

कुंई आवाज अर्थिंग नीट झाल्यावर बराच गेला. उरलेला म्हणजे आरसीए केबल (स्टिरिओकडून अँपला आवाजाचा सिग्नल नेणारी) पॉवरच्या वायरला चिकटून नेलेली, ती गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेली आणि संपलं.

सोमवारच्या बॅटरीचं कारण वेगळंच होतं. मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर टाकून बॅटरीच्या मायनसला सिरीजमध्ये लावला, गाडी लॉक करून अर्धा तास थांबलो कारण गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात (आणि मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल). रीडिंग १.१ अँपिअर. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीतून दिवसाला २६ जातात, मग सोमवारी काय उरणार? अँपची निळी रिमोट वायर (अँपला चालू-बंदचा इशारा देणारी) एसीसीऐवजी (चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या लाइनऐवजी) कायम चालू असलेल्या लाइनला जोडली होती, म्हणजे चावी काढली तरी अँप रात्रभर जागाच. ती एसीसीवर घेतली, परत मोजलं तर ३० मिलिअँपिअर. आता गाडी दोन-तीन दिवस हलली नाही तरी पहिल्या सेल्फला चालू होते.