भीती वाटत नाही का?

मी मनोरुग्णालयात नर्स आहे असं कळलं की बहुतेक जण हेच विचारतात: पेशंट अंगावर येतात, भीती वाटत नाही का? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

वाटते. (बहुतेक आजारी माणसं कुणाला हातही लावत नाहीत, हे आधी ऐकून घ्या.) पण भीतीचं एक बरं असतं, ती कुणाला तरी सांगता येते. मार बसल्यावर घरी मागून हाक आली तरी दचकायला होतं, झोप मोडते. बहुतेकांचं हे हळूहळू ओसरतं. काहींचं ओसरत नाही, त्यांना उपचार लागतात.

मला जड जातो तो राग. काल ज्याने तोंडावर ठोसा मारला, त्यालाच आज सकाळी गोळ्या द्यायच्या असतात. त्याला आवाज ऐकू येत होते, त्याच्या लेखी मी विष घालणारी बाई होते, हे सगळं मला कळतं. कळलं म्हणून गाल दुखायचा थांबत नाही. बाहेर कुणी मारलं तर चिडता तरी येतं. इथे चिडलं की आपणच वाईट नर्स. मग राग गिळायचा आणि रात्रभर उजळणी करायची, माझंच काही चुकलं का? त्यात वरिष्ठ विचारतात, “तू काय बोललीस त्याला?” ठोशापेक्षा हे जास्त लागतं. पुढच्या वेळी मग इन्सिडेंट रिपोर्टही (घडल्या प्रकाराची लेखी नोंद) कुणी लिहीत नाही. कामाचाच भाग, म्हणायचं.

गिळलेला राग वॉर्डात उतरतो. स्टाफ पेशंटमध्ये बसेनासा होतो, काचेआडून लक्ष ठेवतो, ‘नाही’ म्हणतानाही तोडून म्हणतो. आणि कितीतरी वेळा भडका अशाच नकारावरून उडतो. इंग्लंडमधल्या ‘सेफवॉर्ड्स’ या मनोरुग्ण वॉर्डांतले संघर्ष कमी करण्याच्या उपक्रमाच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य बोलणं, वाईट बातमी सांभाळून सांगणं अशा १० साध्या उपायांनी वॉर्डातले संघर्षाचे प्रसंग सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. मला त्याचं नवल वाटत नाही.

मार बसल्यावर सगळ्यांना एकदा गोलात बसवून ‘बोला’ म्हणण्याची पद्धत आहे. अशा एका बैठकीने पुढचा मानसिक त्रास टळतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. मला बैठक नको. इन्चार्ज सिस्टरने “आज घरी जा, त्याच्या गोळ्या मी बघते” म्हणावं, दुसऱ्या दिवशी फोन करावा, आणि पुन्हा त्याच्यासमोर कधी जायचं ते मला ठरवू द्यावं.