दिवसभर मी 'प्रशांत'
आज मुंबईत बीकेसीत दिवसभर कॉन्फरन्स. फेब्रुवारी 2020 मध्ये कोरोनामुळे बार्सिलोनाची मोबाईल वर्ल्ड काँग्रेस, म्हणजे मोबाईलवाल्यांची मोठी वार्षिक कॉन्फरन्स, रद्द झाली तेव्हा ऑफिसात सगळे म्हणत होते संपलं आता हे कॉन्फरन्सचं, झूमवर होतंय की सगळं, आणि आज बघतो तर बॅजच्या लाईनीतच अर्धा तास गेला, क्यूआर स्कॅनच होईना, शेवटी काउंटरवरच्या मुलीने पेनाने नाव लिहून दिलं, तेही चुकीचं 😅

हॉलमध्ये निम्म्या खुर्च्या रिकाम्या, स्क्रीनवरचे सिंगापूरचे पाहुणे पहिली 2 मिनिटं म्यूटवरच. गर्दी सगळी बाहेर चहापाशी! तिथेच नाशिकचे एक साहेब भेटले, दोन महिने मेलवर लटकलेलं काम चहा संपायच्या आत मार्गी लागलं. जाताना म्हणाले, "चला प्रशांतराव, येतो."