तीन नंबरचा कॅमेरा का दचकत होता

पंचवटीतल्या एका मंडळाच्या कीर्तन सप्ताहाचं लाइव्ह घेतलं होतं. चार कॅमेरे आणि त्यांची चित्रं आत घेऊन रेकॉर्ड करणारा, भाड्याने आणलेला व्हिडिओ सर्व्हर. सातही दिवस पार पडले, पण पहिल्या दिवशी दुपारी दोन ते पाच जे झालं त्याची चीड अजून उतरलेली नाही.

वायरिंग आणि मिक्सरचा आवाज तासाभरात उरकला. सर्व्हरचा फॉरमॅट १०८०आय५० ठेवला, म्हणजे सेकंदाला ५० फील्ड, अर्ध्या-अर्ध्या फ्रेम. १०८०पी५० ला, म्हणजे ५० पूर्ण फ्रेमना, थ्री-जी एसडीआय (व्हिडिओ केबलचा वेगवान प्रकार) लागतं, म्हणजे सेकंदाला २.९७ गिगाबिट, आणि मंडळाच्या जुन्या लांबलचक केबलींवर माझा तेवढा विश्वास नव्हता. १०८०आय५० चे १.४८५ गिगाबिट त्या निभावून नेतात.

मग टाळकरी सरावाला उभे राहिले. एक, दोन आणि चार नंबर लोण्यासारखे. तीन नंबरवर मात्र टाळाचा हात वर जाताना मध्येच दचकायचा. चित्र स्वच्छ, रंग बरोबर, फक्त हालचाल अडखळत. पॅन केलं की डोकंच दुखावं.

भाडेवाल्याला फोन केला. "सर, रिस्टार्ट मारा." मारला. प्रत्येक रिस्टार्टला सगळे कॅमेरे जायचे आणि मंडळाचे अध्यक्ष मागे येऊन उभे राहायचे. "केबल बदला." बदलली. "पोर्ट बदला." तीनची केबल एकच्या पोर्टात घातली, तर अडखळणंही एकच्या खिडकीत गेलं. म्हणजे दोष कॅमेऱ्याकडूनच येत होता. खरं तर मला तिथेच अक्कल यायला हवी होती. पण फोनवरचा माणूस "आमच्याकडे सगळं ऑटो असतं, बघायचं काही नसतं" म्हणत राहिला आणि मी चार वेळा रिस्टार्ट मारत राहिलो.

शेवटी वैतागून इनपुटच्या पानावर एकेक ओळ वाचत गेलो. प्रत्येक कॅमेऱ्याखाली बारीक अक्षरांत आत काय येतंय ते लिहिलेलं. तिघांखाली १०८०आय५०. तीनखाली १०८०आय५९.९४.

सर्व्हर बिचारा तक्रारच करत नव्हता. सेकंदाला जवळपास साठ फील्ड आत येत होते, त्यातले दहा गाळून तो पन्नासात बसवत होता. तोच तो दचका. काळा पडदा दिसला असता तर दहा मिनिटांत सापडलं असतं.

कॅमेरा चालवणाऱ्या पोराला विचारलं. "काका, लग्नात स्लो मोशनला एनटीएससी बरं पडतं." एनटीएससी म्हणजे साठची पद्धत, पाल म्हणजे आपली पन्नासची. पाल केलं तर कॅमेरा बंद होऊन चालू झाला आणि कार्ड फॉरमॅट करा म्हणाला. त्यात आदल्या दिवशीची हळद होती! दुसरं कार्ड त्याच्या खिशात निघालं म्हणून वाचलो. तेव्हा असा कॅमेरा घरूनच पाल करून आणायला सांगा.

त्याच कॅमेऱ्यात मंडपाचे दिवे लुकलुकत होते, तेही कळलं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यावरचे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/६० वर होतं, १/५० केलं आणि दिवे शांत.

हो, एक राहिलंच. सर्व्हर आला तेव्हा त्याचा रेफरन्स, म्हणजे फ्रेमचा ताल कुठून घ्यायचा ती सेटिंग, एक्स्टर्नलवर होता, आधीच्या गिऱ्हाइकाने ठेवलेला. आमच्याकडे बाहेरून ताल देणारा सिंक जनरेटर नव्हताच, म्हणून आल्या आल्या इंटर्नल केला. आणि डिस्कचा हिशेब आधी मांडा: ५० मेगाबिटने एका चॅनेलला तासाला २२.५ जीबी. चार कॅमेरे आणि प्रोग्रॅम (बाहेर जाणारं अंतिम चित्र) मिळून दोन तासांच्या कीर्तनाला २२५ जीबी.

पाचला महाराज आले तेव्हा टाळ सरळ वर जात होता. मी त्या कॅमेऱ्यावर पांढरी टेप चिकटवून ठळक ५० लिहिलं. ती सातही दिवस टिकली. काल्याचा प्रसाद घेता घेता पोरगा जवळ आला, "काका, आता साठ करू का? उद्या देवळालीला लग्न आहे."