पाणसळीचा बुडबुडा

घरात समुद्र आणायचा, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची, तर आधी आपली फरशी सपाट आहे का ते बघायला लागतं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. या फ्लॅटमध्ये बारा वर्षं राहतोय, पुण्यात, दुसऱ्या मजल्यावर, आणि हॉल बाल्कनीकडे उतरता आहे हे बारा वर्षांत कधी जाणवलं नाही. पोराचा चेंडू नेहमी बाल्कनीकडेच जायचा, पण ते आपलं पोरगं तिकडे लाथ मारतं म्हणून जात असेल असं वाटायचं.

तर हे खूळ जुनं आहे. लहानपणी बाबा मुंबईला तारापोरवाला मत्स्यालयात घेऊन गेले होते, मरीन ड्राइव्हवरचं, 1951 सालचं, तिथला तो अंधारा थंड रस्ता आणि काचेमागचा पिवळट उजेड अजून डोक्यात आहे. मग दोन वर्षांपूर्वी मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला स्नॉर्केलिंग केलं, म्हणजे केलं असं आपलं म्हणायचं, एका पोराने दंडाला धरून पाण्यात फिरवून आणलं आणि नाकात पाणी गेलं म्हणून मी पाचव्या मिनिटाला वर. पण त्या पाच मिनिटांत खाली दगडावर काहीतरी डुलत होतं, फूल म्हणावं तर फूल, प्राणी म्हणावं तर प्राणी. आजीच्या अंगठीतलं पोवळं मला माहीत होतं, मंगळाचं म्हणून घालायची ती. पोवळं जिवंत असतं, त्याला तोंड असतं आणि ते जेवतं, हे तेव्हा पहिल्यांदा मनाला पटलं.

घरी आल्यावर वाचायला लागलो आणि पहिल्याच दिवशी कायदा आडवा आला. आपल्याकडे दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला. मालवणच्या किनाऱ्यावरून एक तुकडा खिशात घालून आणायचा नाही, मन्नारच्या आखातातला 'लाईव्ह रॉक', म्हणजे जिवाणू वसलेला समुद्रातला दगड, कुणी गुपचूप देतो म्हणाला तरी घ्यायचा नाही. मला हे बरंच वाटलं, खरं सांगायचं तर. मग मी सिरॅमिकचे भाजलेले सच्छिद्र दगड घेतले, आणि ठरवलं की दगडी प्रवाळांच्या वाटेला जायचंच नाही, मऊ मंडळीच ठेवायची, झोआ आणि मशरूम म्हणतात त्यांना, दगडी सांगाडा नसलेली प्रवाळांची भावंडं. आणि मासे म्हणजे क्लाउनफिशची एक जोडी, हॅचरीत जन्मलेली, समुद्रातून पकडलेली नाही. आपल्याकडे सीएमएफआरआय या सरकारी सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे मासे टाकीत वाढवायचं तंत्र बसवलंय, तेव्हा पकडून आणलेले घ्यायचं काही कारणच नाही.

टाकी घेतली दोन बाय दीड बाय दीड फुटाची. ऐकायला लहान वाटते. बायकोलाही लहान वाटली म्हणून तर परवानगी मिळाली. पण हिशोब केला तर पाणी साधारण 120 लिटर, वर काच, दगड, वाळू आणि स्टँड धरला की 200 किलोच्या घरात जातं. मी ही बेरीज मोठ्याने केली ही चूक. खालच्या मजल्यावरच्या काकांपर्यंत ती संध्याकाळपर्यंत पोचली आणि ते वर येऊन आमच्या फरशीकडे आणि मग स्वतःच्या छताच्या दिशेने बघत उभे राहिले. शेवटी सिव्हिलवाल्या मित्राला फोन लावून दिला. तो म्हणाला, काका, राहत्या घराचा स्लॅब दर चौरस मीटरला 200 किलो धरूनच डिझाईन करतात, आणि ही टाकी भिंतीला लागून, खाली बीम आहे तिथे ठेवतायत, तीन धट्टेकट्टे पाहुणे कोपऱ्यात गप्पा मारत उभे राहिले असं समजा. काका म्हणाले पाहुणे निघून जातात. या मुद्द्यावर मित्राकडेही उत्तर नव्हतं.

स्टँड मात्र ऑनलाईन मागवला. सुताराकडून मरीन प्लायचा करून घे असं सगळे सांगत होते, पण सुतार 'उद्या येतो' म्हणाला त्याला तीन आठवडे झाले होते. खोक्यातून सात फळ्या, एक पातळ पाठीची फळी, स्क्रूंची पुडी आणि एक कागद निघाला. कागदावर शब्द एकही नाही, नुसती चित्रं, आणि चित्रातला माणूस हसतोय. एलन की घेऊन मी रविवारी सकाळी दहाला बसलो. ते कॅम लॉक म्हणून जे प्रकरण असतं ना, पितळी रंगाची चकती, अर्धा फेरा दिला की आतला खिळा पकडते आणि टक् असा आवाज येतो, तो आवाज फार समाधान देतो, इतकं की आपण फळी उलटी लावलीय याकडे लक्षच जात नाही. वरच्या फळीची लॅमिनेट नसलेली कडा पुढे आली होती. परत सगळं खोललं. दुसऱ्यांदा दार उलट्या बाजूला उघडायला लागलं. पाठीची पातळ फळी मी लावलीच नाही, म्हटलं तिथून वायरी जातील, हवा खेळती राहील.

दुपारी बाबा आले. बाबा पिंपरीच्या एका कंपनीत फिटर होते, आता रिटायर्ड आहेत. त्यांनी स्टँडच्या वरच्या कोपऱ्याला एक बोट लावलं आणि हलकंच ढकललं. स्टँड समांतरभुज चौकोन झाला.

"पाठ कुठाय याची?"

"ती शोभेचीच आहे बाबा, तीन मिलिमीटरची."

"अरे, तीन मिलिमीटर असू दे नाहीतर पुठ्ठा असू दे, चौकटीला तिरकी होऊ देत नाही ती. वजन उभ्या फळ्या घेतात, पण डुलणं पाठ थांबवते. कापायची तर वायरीपुरतं भोक काप, सगळी पाठ कशाला काढतोस."

मग त्यांनी वाकून बघितलं की वरची फळी उभ्या फळ्यांच्या डोक्यावर बसलीय की दोघींच्या मध्ये स्क्रूवर टांगलीय. डोक्यावर होती. तेवढं एक त्यांना पटलं. बाकी 'भुसा दाबून केलेलं आहे हे, पाणी प्यायलं की पुरीसारखं फुगेल' असं म्हणून सगळ्या कापलेल्या कडांना त्यांनी माझ्याकडून दोन हात पॉलिश मारून घेतलं, भोकाच्या कडेलाही. तिथेच खारं पाणी आधी घुसतं म्हणे. पुढे चार महिन्यांत कळलं की खारं पाणी घुसत नाही, चढतं. पाण्याचा एक शिंतोडा उडतो, वाळतो, मिठाची पांढरी वेल काचेवरून, वायरीवरून सरपटत जाते, आणि म्हणून वायर सरळ बोर्डात न नेता मध्ये खाली झोळ ठेवायचा, थेंब घरंगळला तर झोळाशी जमिनीवर पडावा, प्लगात जाऊ नये. हे वाचायला सोपं आहे, मी एकदा विसरलो होतो.

टाकी ठेवली, नुसत्या नळाच्या पाण्याने अर्धी भरली, गळते का बघायला. गळत नव्हती. पण पाण्याची रेघ काचेच्या वरच्या कडेशी समांतर नव्हती. डावीकडे जेवढी, उजवीकडे त्यापेक्षा कमी. पट्टी लावून मोजलं तर दोन फुटांत चार मिलिमीटर. बाबा काही बोलले नाहीत. घरी जाऊन पिशवीतून पाणसळ घेऊन आले, लाकडी, कडा घासून गुळगुळीत झालेली, माझ्याहून वयाने मोठी असेल. काचेवर नाही, आधी फरशीवर ठेवली. बुडबुडा भिंतीकडे पळाला.

"बुडबुडा जिकडे पळतो तिकडची बाजू उंच. म्हणजे तुझी बाल्कनीकडची बाजू खाली आहे. टाकीचा काही दोष नाही, बिल्डरने पाणी बाल्कनीतून जावं म्हणून उतार काढलाय, तो हॉलपर्यंत आला."

टाकीचा दोष नाही हे ऐकून मला बरं वाटलं आणि घराचा आहे हे ऐकून वाईट. खरं तर चार मिलिमीटरने काय बिघडतं असं मी विचारलं, तर म्हणाले काच एका बाजूला ढकलली जाते, सिलिकॉनच्या जोडावर रोज चोवीस तास, आणि ते रोज तुला दिसत नाही, एका रात्री दिसतं.

पाणी उपसलं. बाबांनी माळ्यावरून सनमायकाचे जुने तुकडे काढले, किचन ट्रॉलीच्या वेळचे उरलेले, प्रत्येक बरोबर एक मिलिमीटर. नुसते कोपऱ्याखाली चार थर देऊ नकोस, मध्ये पोकळ राहील आणि फळी वाकेल, म्हणून बाल्कनीच्या बाजूला चार, मग तीन, दोन, एक अशी उतरती पायरी अख्ख्या कडेखाली. आणि पाचर स्टँडखाली, टाकीखाली कधीच नाही. टाकीखाली फक्त फोमची शीट, वाळूचा एखादा कण आला तर काचेला टोचू नये म्हणून. पाणसळ परत ठेवली. बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये येऊन थांबला, थोडासा थरथरला, आणि बसला. मी टाळी वाजवली. बाबांनी चहा मागितला.

पाण्याचं पुराण वेगळंच. नातेवाईकांचा एकमुखी सल्ला होता की अलिबागहून कॅन भरून आण, फुकट. पण किनाऱ्याजवळचं पाणी पावसाळ्यात नदीनाल्यांनी पातळ होतं, गाळ असतो, बंदराचं तेल असतं. आणि घरचं मीठ टाकून चालत नाही, समुद्राच्या मिठात साधारण 85 टक्के सोडियम आणि क्लोराईड असलं तरी उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम सगळी मंडळी असतात, प्रवाळांना तीच लागतात. तर पाकिटातलं मीठ, लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास, आणि पाणी मात्र शून्य टीडीएसचं, म्हणजे ज्यात विरघळलेले क्षार नाहीतच असं. किचनमधला प्युरिफायर उपयोगाचा नाही, तो चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतो. वेगळं आरओडीआय युनिट आणलं, ते एक लिटर चांगलं पाणी देतं आणि तीन लिटर टाकतं. आमच्याकडे गुरुवारी पाणी बंद असतं, त्यामुळे बुधवारी रात्री घरात टाकाऊ पाण्याच्या बादल्या रांगेत आणि बायको त्यांच्यामधून वाट काढत जाताना काहीही बोलत नाही, ते जास्त भीतिदायक. आता त्या पाण्याने फरशी पुसतो, स्कूटर धुतो. स्कूटर इतकी स्वच्छ कधीच नव्हती.

खारं पाणी भरलं, वेव्हमेकर म्हणजे पाणी ढवळणारा पंप लावला, दगड रचले, आणि मग सहा आठवडे काहीच नाही. नुसतं पाणी फिरतंय. याला सायकल म्हणतात पण मला ते सरळ विरजण वाटलं. एक कोलंबी टाकायची, ती सडते, अमोनिया होतो, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राईट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट, आणि हे जिवाणू दगडांच्या भोकाभोकांत बसेपर्यंत मासा सोडायचा नाही. दुधासारखं हलवून, उघडून बघून लागत नाही. टेस्ट किटमध्ये थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं, रंग बघायचा. पोरगं रोज शाळेतून आल्यावर विचारायचं, मासा आला? सोसायटीत 'त्यांनी रिकामी टाकी पाळलीय' असं झालं होतं. मधे वाळूवर तपकिरी बुरशीसारखा थर आला, डायटम म्हणतात, आणि मला वाटलं संपलं सगळं. दोन आठवड्यांत आपोआप गेला.

वरचा दिवा निळा. प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न बनवतं आणि घरभाडं दिल्यासारखं त्यातलं बरंचसं मालकाला देतं, म्हणून हा निळा उजेड आठ-नऊ तास. रस्त्यावरून बघितलं तर आमचा हॉल गणपतीच्या मांडवासारखा दिसतो. पहिली झोआ आली, बोटाच्या पेरावर मावेल एवढ्या सिरॅमिकच्या प्लगवर सात तोंडं, हिरवी-केशरी. या जातीत काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं फार जहाल विष असतं, म्हणून दगड कधी उकळायचा नाही, हाताला कापलं असेल तर हातमोजे, हे मी फोनवर कुणाला तरी सांगत होतो ते बायकोने ऐकलं.

"म्हणजे आपण दोनशे किलोचा स्टँड सरळ करून त्यावर विष ठेवलंय?"

"सात तोंडांचंच आहे गं."

आज ती तेवीस तोंडं आहेत, आणि सकाळी दिवा लागायच्या आधी ती मिटलेली असतात तेव्हा मोजणारी बायकोच.

एप्रिल लागला तेव्हा पाणी 29 डिग्रीवर गेलं. चिलरची किंमत टाकीपेक्षा जास्त, म्हणून कडेला एक क्लिपचा पंखा लावला. पुण्याच्या कोरड्या हवेत बाष्पीभवनाने दोन-तीन डिग्री सहज उतरतात, मुंबईच्या दमटात हे एवढं जमत नाही. पण मग रोज दीड-दोन लिटर पाणी उडतं. उडतं ते पाणी, मीठ तिथेच राहतं, म्हणून वरून भरायचं ते गोडंच, खारं नाही. हे बाबांना एकदाच सांगितलं. तेव्हापासून रोज रात्री नऊला फोन येतो. आधी नातवाची चौकशी व्हायची, आता पहिला प्रश्न, "आज किती उतरलं?"

गेल्या गुरुवारी ते आले तेव्हा लाईट गेलेली, बॅटरीचा एअरपंप घुर्र करत होता. क्लाउनफिश दोघं जवळजवळ राहून झोआंवरून जात होते. पोरगं आजोबांना समजावत होतं की मोठा आहे ती मादी, आणि ती मेली तर जो नर आहे तोच मादी होतो. बाबांनी ते ऐकून मान डोलावली, जशी फिटरने नवीन मशीनची माहिती ऐकावी. मग पिशवीतून पाणसळ काढून स्टँडच्या कडेवर ठेवली आणि डोळे बारीक करून बघत राहिले.

"हलला?" मी विचारलं.

"अर्धा केस. भिंतीकडे."

"मग?"

"सनमायका आणलाय."